हक्क मिळाला; सूत्रे कोणाच्या हाती?

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या नॉक्सव्हिल येथील विद्यापीठाच्या स्त्रियांच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास बहुधा एका व्यक्तीचे चरित्र म्हणून सांगितला जातो. पॅट समिट यांनी १९७४ ते २०१२ अशी अडतीस वर्षे या संघाला प्रशिक्षण दिले. त्यांच्या कारकिर्दीत संघाने १,०९८ सामने जिंकले आणि अवघे २०८ गमावले. १९८७ ते २००८ या काळात आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्यांच्या हाताखाली आपली खेळण्याची मुदत पूर्ण करणारी प्रत्येक खेळाडू पदवीधर होऊन बाहेर पडली. २०११ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या असाध्य विकाराने त्यांना ग्रासले, आणि २८ जून २०१६ रोजी, वयाच्या अवघ्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हे सारे खरे आहे आणि त्याचा गौरव व्हावा हेही योग्यच आहे.

परंतु वीरगाथेचा एक दोष असतो. ती नायिकेच्या तेजाने वाचकाचे डोळे दिपवते आणि त्या तेजामागची सामाजिक शक्तींची हालचाल अंधारात ठेवते. एकटी स्त्री जिद्दीने उभी राहिली आणि जिंकली, एवढाच निष्कर्ष काढला तर ज्यांना यश मिळाले नाही त्यांच्यात जिद्द नव्हती, असे म्हणण्यास प्रस्थापित मोकळे होतात. वस्तुतः टेनेसीच्या संघाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास निराळीच गोष्ट सांगतो. स्त्रियांना खेळण्याचा हक्क लढ्याने आणि कायद्याने मिळाला. पण त्या हक्कातून पैसा निर्माण होऊ लागताच खेळाची सूत्रे त्यांच्या हातून काढून घेतली गेली. हक्क आणि सत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

संरक्षणाच्या नावाखाली बंदी

बास्केटबॉल हा खेळ मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी शोधून काढला. वर्ष उलटण्याच्या आत, १८९२ मध्ये, जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या तरुण शिक्षिकेने तो विद्यार्थिनींना शिकवला. लिथुआनियातून आलेल्या स्थलांतरित कुटुंबातील या बाईंनी स्त्रियांसाठी नियम मात्र बदलले. मैदानाचे तीन भाग पाडले, एका भागातील खेळाडूने दुसऱ्या भागात जाता कामा नये असे ठरवले, प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू हिसकावण्यास मनाई केली. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या विद्यार्थिनींमध्ये सामना झाला, तेव्हा स्टॅनफर्डचा संघ २-१ असा जिंकला. पुरुषांना तो सामना पाहण्यास प्रवेशच नव्हता.

टेनेसी विद्यापीठात विद्यार्थिनींचा संघ १९०३ मध्ये उभा राहिला. म्हणजे ज्या काळात अमेरिकेतील स्त्रीला देशव्यापी मताधिकारही नव्हता, त्या काळात नॉक्सव्हिलच्या मुली मैदानावर उतरल्या होत्या. आणि मताधिकार मिळाल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १९२६ मध्ये, हा संघ बंद पडला. हा योगायोग नव्हे. १९२३ मध्ये लू हेन्री हूवर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाचा महिला विभाग स्थापन झाला होता. तिकीट लावून सामने भरवणे, दूरचे प्रवास करणे, मोजक्या अजिंक्य खेळाडू घडवण्यासाठी इतरांची उपेक्षा करणे, या साऱ्याला या विभागाने विरोध केला. प्रत्येक मुलीने खेळावे, पण आंतरमहाविद्यालयीन चुरशीत पडू नये, अशी त्याची भूमिका होती. पुरुषांच्या महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात माजलेला बाजार पाहता ही भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. तथापि बाजाराला आळा घालण्याऐवजी मुलींचे सामनेच बंद करण्यात आले. नाजूकपणाची जुनी समजूत आणि नवी सुधारकी सद्भावना यांची येथे युती झाली.

या सद्भावनेला वर्गाची मर्यादाही होती. विद्यापीठातील मध्यमवर्गीय मुलींचे अशा प्रकारे 'संरक्षण' होत असताना गिरण्या, विमा कंपन्या आणि व्यापारी विद्यालये यांच्या संघांतून कष्टकरी घरांतील मुली खेळतच होत्या. बेब डिड्रिक्सन ही पुढे जगप्रसिद्ध झालेली खेळाडू डॅलसच्या एका विमा कंपनीच्या संघातून बास्केटबॉल खेळली. खुद्द टेनेसी राज्यात नॅशव्हिल बिझनेस कॉलेजच्या संघाने १९६२ ते १९६९ अशी सलग आठ वर्षे हौशी क्रीडा संघाचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले, आणि त्या संघातील नेरा व्हाइट ही तिच्या काळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक मानली गेली. याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात मात्र चौतीस वर्षे संघच नव्हता. स्त्रियांना खेळण्याची आवड नाही, म्हणून त्यांच्यावर खर्च नको, हा युक्तिवाद किती पोकळ होता हे यावरून कळून येते.

अडीचशे डॉलरची नोकरी

१९६० मध्ये नॉक्सव्हिलला संघ पुन्हा सुरू झाला, तोही सावत्र अपत्याप्रमाणे. पुरुषांचा संघ 'व्हॉलंटिअर्स', तर मुलींचा 'व्हॉलेट्स', म्हणजे त्याच नावाला जोडलेले एक लाडिक शेपूट. १९७४ मध्ये पॅट हेड (विवाहानंतर समिट) या बावीस वर्षांच्या पदवीधर तरुणीवर संघाची जबाबदारी पडली, तेव्हा त्यांना दरमहा २५० डॉलर मिळत. गणवेश त्या स्वतः धूत आणि सामन्यांच्या गावी संघाची गाडीही स्वतः चालवीत. खेळाडूंनी डोनट विकून गणवेशाचे पैसे उभे केले होते. परगावी मुक्काम पडला तर प्रतिस्पर्धी संघाच्या व्यायामशाळेत सतरंजीवजा गाद्यांवर झोपावे लागे. ७ डिसेंबर १९७४ रोजी मर्सर विद्यापीठाविरुद्धचा त्यांचा पहिला सामना ८४-८३ असा एका गुणाने गेला.

समिट यांचे स्वतःचे चरित्रही या विषमतेचा पुरावाच होते. टेनेसीच्या ग्रामीण भागात, तंबाखू आणि दुधाचा व्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबात त्या वाढल्या. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता म्हणून कुटुंबाने आपले बिऱ्हाडच शेजारच्या तालुक्यात हलवले. थोरल्या भावांना खेळाच्या शिष्यवृत्तीवर महाविद्यालयात जाता आले. मुलीच्या शिक्षणाचा खर्च मात्र आईवडिलांना करावा लागला, कारण स्त्रियांसाठी क्रीडाशिष्यवृत्ती नावाची गोष्टच तेव्हा अस्तित्वात नव्हती. एकाच घरात, एकाच शेतावर राबणाऱ्या भावाबहिणींच्या वाट्याला आलेला हा भेद निसर्गाने केला नव्हता. विद्यापीठांच्या अंदाजपत्रकांनी केला होता.

सदतीस शब्दांचे सामर्थ्य

हे चित्र बदलले ते कोणाच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे. २३ जून १९७२ रोजी संमत झालेल्या शिक्षणविषयक दुरुस्त्यांमध्ये 'टायटल नाइन' म्हणून ओळखला जाणारा एक भाग होता. संघराज्याचे आर्थिक साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगभेदावरून कोणासही वगळता येणार नाही, असे त्यातील सदतीस शब्दांचे मुख्य वाक्य सांगत होते. पॅट्सी मिंक आणि एडिथ ग्रीन या लोकप्रतिनिधींनी आणि सिनेटर बर्च बे यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. त्या वाक्यात खेळाचा उल्लेखही नव्हता. पण सार्वजनिक पैसा आणि समान हक्क यांची गाठ एकदा बांधल्यावर ती व्यायामशाळेच्या दारापर्यंत पोहोचणे अपरिहार्य होते.

ते ओळखून विरोधही तत्काळ सुरू झाला. उत्पन्न देणारे खेळ कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवावेत, अशी दुरुस्ती १९७४ मध्ये सिनेटर जॉन टॉवर यांनी मांडली. ती टिकली नाही. पुरुषांच्या महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रावर हुकमत गाजवणाऱ्या एन.सी.ए.ए. या संघटनेने १९७६ मध्ये कायद्याच्या नियमावलीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने कायद्याची व्याप्ती आकुंचित केली, आणि १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून संसदेला ती पूर्ववत करावी लागली. हक्क एकदा कागदावर उमटला की आपोआप अमलात येतो, या भ्रमाला हा सोळा वर्षांचा संघर्ष पुरेसे उत्तर आहे.

टेनेसीत हा संघर्ष शाळांपर्यंत गेला. तेथील शाळांत मुली सहा जणींचा जुना खेळ खेळत. तिघी मैदानाच्या अर्ध्या भागात केवळ बचाव करीत, तिघी दुसऱ्या अर्ध्यात केवळ गुण मिळवीत, आणि मधली रेषा ओलांडण्यास सर्वांनाच बंदी असे. बचाव करणाऱ्या मुलीला शाळेची सर्व वर्षे बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधीच मिळत नसे. मग विद्यापीठ तिला शिष्यवृत्ती कशी देणार? १९७६ मध्ये ओक रिज येथील एका शाळकरी खेळाडूने याविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयात ती जिंकली, वरच्या न्यायालयात हरली. परंतु प्रश्न एकदा चव्हाट्यावर आल्यावर तो परत झाकता आला नाही, आणि १९७९ मध्ये टेनेसीने पाच जणींचा पूर्ण मैदानाचा खेळ स्वीकारला. सेंडा बेरेन्सन यांनी आखलेल्या जुन्या रेषांचा वारसा या राज्यातून पुसला जाण्यास इतकी वर्षे लागली.

परिणाम डोळ्यांत भरण्यासारखे होते. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयांत सुमारे ३०,००० स्त्रिया खेळत होत्या; पन्नास वर्षांनंतर हा आकडा २,२०,००० च्या पुढे गेला. डिसेंबर १९८७ मध्ये नॉक्सव्हिलला टेनेसी आणि टेक्सास यांच्या मुलींचा सामना पाहण्यास २४,५६३ प्रेक्षक लोटले. ज्या खेळाला प्रेक्षक नाहीत असे सांगितले जात होते, त्या खेळाचे मैदान आता अपुरे पडू लागले होते.

गिळंकृत झालेली संघटना

या यशकथेतील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मात्र क्वचितच सांगितले जाते. १९७१ मध्ये स्त्री क्रीडाशिक्षकांनी ए.आय.ए.डब्ल्यू. ही स्वतःची आंतरमहाविद्यालयीन संघटना स्थापन केली होती. तिचे नेतृत्व स्त्रियांकडे होते आणि क्रीडापटू ही प्रथम विद्यार्थिनी आहे, हे तिचे सूत्र होते. एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात गेलेल्या खेळाडूला ती लगेच खेळू देई. पुरुषांच्या संघटनेत हा साधा हक्कही नव्हता. तिच्यात दोष नव्हते असे नाही. बाजाराच्या भीतीने तिने आरंभी शिष्यवृत्त्याच नाकारल्या, आणि १९७३ मध्ये खेळाडूंनी न्यायालयात खेचल्यावर ते धोरण बदलले. तरीही शेकडो महाविद्यालयांना एकत्र आणून देशभर स्त्रियांच्या स्पर्धा उभ्या केल्या त्या याच संघटनेने.

आणि स्पर्धा उभ्या राहिल्या, दूरचित्रवाणीला त्यात रस वाटू लागला, कायदाही मागे हटत नाही असे दिसले, तेव्हा कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेली एन.सी.ए.ए. स्त्रियांच्या खेळाची कैवारी बनून पुढे आली. जानेवारी १९८१ मध्ये तिने स्त्रियांची अजिंक्यपदे भरवण्याचा निर्णय घेतला. वेगळी वर्गणी नको, स्पर्धेच्या प्रवासाचा खर्चही संघटना देईल, अशी आमिषे होती. १९८२ मध्ये एकाच वर्षी दोन राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. एकीत लुइझियाना टेक, तर दुसरीत रटगर्स विजयी झाले. टेनेसीचा संघ एन.सी.ए.ए.च्या स्पर्धेत उतरला आणि उपांत्य फेरीपर्यंत गेला. दूरचित्रवाणीचा करार हातचा गेला, सभासद महाविद्यालये निघून गेली, मक्तेदारीविरुद्धचा दावाही १९८३ मध्ये फेटाळला गेला आणि स्त्रियांची संघटना संपली. भांडवली व्यवस्थेत मोठा मासा लहान माशाला गिळतो, ही काही नवी गोष्ट नव्हे. नवी होती ती एवढीच, की या गिळण्याला समानता असे नाव देण्यात आले.

याचा हिशेब पदांच्या वाटपात दिसतो. १९७२ मध्ये महाविद्यालयांतील स्त्रियांच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ पर्यंत हे प्रमाण सुमारे त्रेचाळीस टक्क्यांवर आले. पगार नगण्य होता तोवर ते काम स्त्रियांचे होते. पगार वाढला तेव्हा ते पुरुषांना करण्याजोगे वाटू लागले. पुरुषांच्या संघांना मात्र स्त्री प्रशिक्षक नेमल्याची उदाहरणे आजही अपवादात्मकच आहेत.

टेनेसीचा अपवाद, आणि त्याची अखेर

या पार्श्वभूमीवर टेनेसीच्या संघाचे यश समजून घेतले पाहिजे. १९७६ मध्ये या विद्यापीठाने स्त्रियांच्या खेळांसाठी वेगळा विभाग स्थापन केला आणि तो ग्लोरिया रे यांच्याकडे सोपवला. १९८३ पासून २०१२ पर्यंत जोन क्रोनन यांनी तो चालवला. देशातील बहुतेक विद्यापीठांनी स्त्रियांचे विभाग पुरुषांच्या विभागात विलीन केले असताना नॉक्सव्हिलला स्त्रियांचे अंदाजपत्रक, नेमणुका आणि प्रसिद्धी स्त्रियांच्या देखरेखीखाली राहिली. १९७४ पासून या संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमल्या गेलेल्या सर्व व्यक्ती स्त्रियाच आहेत. समिट यांच्यानंतर आलेल्या हॉली वॉर्लिक आणि केली हार्पर या दोघीही याच संघाच्या माजी खेळाडू होत्या. समिट यांची प्रतिभा असामान्य होती हे निःसंशय. परंतु त्या प्रतिभेला अडतीस वर्षे टिकाव धरता आला, कारण तिच्या पाठीशी स्वायत्त संस्था उभी होती.

२०१२ मध्ये, समिट निवृत्त झाल्या त्याच वर्षी, हा विभागही पुरुषांच्या विभागात विलीन झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये विद्यापीठाने बास्केटबॉल वगळता स्त्रियांच्या सर्व संघांचे 'लेडी व्हॉल्स' हे नाव काढून टाकण्याचे जाहीर केले. या नावातील 'लेडी' या शब्दावर आक्षेप घेता येईल. पण ते नाव घेऊन जिंकलेल्या खेळाडूंना तो आपल्या संस्थेच्या स्वतंत्र अस्तित्वाचा ध्वज वाटत होता, आणि तो त्यांना न विचारता उतरवला जात होता. विरोध इतका तीव्र झाला की २०१७ मध्ये नाव परत द्यावे लागले. नाव परत आले. विभाग परत आला नाही.

वेगळा विभाग म्हणजे वेगळी आणि म्हणून कनिष्ठ वागणूक, असा आक्षेप घेतला जातो. वंशभेदाच्या इतिहासाने पोळलेल्या देशात तो सहजासहजी झटकून टाकता येत नाही. परंतु प्रश्न भिंतीचा नाही, तिजोरीच्या किल्लीचा आहे. एका छपराखाली राहूनही स्त्रियांना नेमणुकीत आणि खर्चात निर्णायक मत असेल तर विलीनीकरणाला हरकत नाही. तसे ते बहुतेक ठिकाणी नव्हते, आणि प्रशिक्षकपदांचे वर दिलेले आकडे त्याची साक्ष देतात.

बाजारभाव कोणी ठरवला?

आजचा संघर्ष मोबदल्याचा आहे. अनेक दशके विद्यापीठांनी खेळाडूंच्या श्रमावर कोट्यवधी डॉलर मिळवले, प्रशिक्षकांना गडगंज वेतने दिली आणि खेळाडूंना हौशीपणाचा उपदेश केला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी दिली. २०२५-२६ साठी कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. श्रमाला दाम मिळणे हे न्याय्यच आहे. पण दामाचे वाटप कसे? जुन्या थकबाकीच्या वाटपासाठी पुढे आलेल्या सूत्रात सुमारे पंचाहत्तर टक्के पुरुषांच्या फुटबॉलला, पंधरा टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला आणि स्त्रियांच्या बास्केटबॉलला अवघे पाच टक्के असे प्रमाण होते. असे देणे टायटल नाइनच्या कक्षेत येते, असे शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आणि सरकार बदलताच फेब्रुवारीत ते मागे घेतले. आठ खेळाडू स्त्रियांनी या तडजोडीविरुद्ध अपील केले.

बाजार जे देतो तेवढेच मिळणार, असे यावर सांगण्यात येते. हा बाजार मग आकाशातून पडला काय? मार्च २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांसाठी सुसज्ज व्यायामशाळा होती, तर स्त्रियांसाठी डंबेल्सची एक घडवंची. ओरेगनच्या एका खेळाडूने ते चित्रफितीतून जगासमोर आणल्यावर एन.सी.ए.ए.ला चौकशी नेमावी लागली. त्या चौकशीच्या अहवालाने दाखवून दिले की स्त्रियांची ही स्पर्धा इतर अनेक खेळांच्या गाठोड्यात बांधून तिच्या खऱ्या मोलापेक्षा फारच स्वस्तात विकली गेली होती, आणि 'मार्च मॅडनेस' हे प्रसिद्ध नावही केवळ पुरुषांसाठी राखून ठेवले होते. पुढे २०२४ मध्ये स्त्रियांच्या अंतिम सामन्याला सरासरी १ कोटी ८९ लाख प्रेक्षक लाभले, तर पुरुषांच्या अंतिम सामन्याला १ कोटी ४८ लाख. म्हणजे आधी चौतीस वर्षे संघ बंद ठेवायचा, मग डोनट विकून गणवेश घ्यायला लावायचे, नंतर स्पर्धा कवडीमोलाने विकायची, आणि अखेरीस तिचा भाव कमी म्हणून वाटा कमी द्यायचा, असा हा न्याय आहे.

म्हणूनच टेनेसीच्या संघाचा इतिहास केवळ पुतळे उभारून संपत नाही. नॉक्सव्हिलच्या प्रेक्षागृहातील आठ अजिंक्यपदांचे ध्वज हे व्यक्तीच्या कर्तृत्वाचे तसेच सामूहिक लढ्याचे आणि स्वायत्त संस्थेचेही फळ आहे. खेळाडूंना दिला जाणारा प्रत्येक डॉलर समानतेच्या कायद्याखाली मोजला गेला पाहिजे. स्त्रियांच्या संघांच्या अंदाजपत्रकावर आणि नेमणुकांवर त्या क्षेत्रात आयुष्य वेचलेल्या स्त्रियांचे निर्णायक मत असले पाहिजे. खेळाडूंना संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला पाहिजे. १९७२ च्या सदतीस शब्दांनी मैदानाचे दार उघडले. मैदान कोणाचे, हा प्रश्न त्या शब्दांनी सुटला नव्हता आणि कोणत्याही न्यायालयीन तडजोडीने तो सुटणार नाही. तो ज्या खेळतात त्यांनाच संघटितपणे सोडवावा लागेल.